एकतीस किल्ल्या

कोर्टानं सत्यमला जिल्हा सोडायला बंदी केली, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत सगळी वाडी जिल्हा सोडून ऊस तोडायला निघाली.

चौसाळ्यापासून सात किलोमीटर आत ही वाडी. दिवाळी झाली की इथं धड चालतं माणूस शोधून सापडत नाही. शुक्रवारी पहाटेपासून ट्रक आणि ट्रॅक्टर येत राहिले. पत्र्याच्या पेट्या, पिठाची पोती, सरपणाचे भारे, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या आणि या साऱ्यावर लेकरं, असं सगळं भरलं जात होतं. कुणी कोल्हापूरकडं, कुणी नगरकडं, कुणी कर्नाटकात. सत्यम दर गाडीला हात लावायला धावत होता. वीस वर्षांचा गडी, अंगानं काटक. पोतं पाठीवर घेतलं की फळीवर टाकूनच थांबायचा. पण काम झालं की बायका त्याच्या डोळ्यांत बघायच्या. डोळे लाल आहेत की पांढरे, एवढंच सगळ्यांना बघायचं होतं.

श्रावणात त्याला हायवेच्या बंद पडलेल्या ढाब्यामागं पोलिसांनी धरलं होतं. तिघं पोरं आणि गांजाची एक पुडी. पुडी एवढीशी, पण वाडीत बातमी आली तेव्हा तिचं पोतं झालं होतं. पहिलाच गुन्हा म्हणून बीडच्या कोर्टानं शिक्षा न देता वर्षभराचं बंधपत्र लिहून घेतलं. नीट वागायचं, दर मंगळवारी बीडच्या उपचार केंद्रात हजर राहायचं, परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जायचं नाही. यातलं एक जरी मोडलं तरी तुरुंग.

म्हणून त्याची आई वत्सलाबाई यंदा मागं राहिली. बाप अजिनाथ एकटा गेला, अर्धा कोयता म्हणून. नवराबायको मिळून पुरा कोयता धरतात. एकट्या गड्याला टोळीत मान नसतो, आणि तो मान नसल्याचं अजिनाथच्या तोंडावर दिसत होतं. ट्रकवर चढताना तो पोराला काही बोलला नाही. बायकोला म्हणाला, "मंगळवार चुकू देऊ नको त्याचा."

लग्न होऊन बावीस वर्षं झाली, पण वत्सलाबाईनं आपल्या घरचा हिवाळा कधी पाहिला नव्हता. आता ती राहणार म्हटल्यावर निघणारा जो तो आपल्या घराची किल्ली तिच्याकडं देऊन गेला. तिला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक किल्लीला त्या त्या घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. सगळ्या एका सुतळीत ओवून तिनं कमरेला बांधल्या. एकतीस घरं, एकतीस किल्ल्या. चालली की म्हशीच्या गळ्यातल्या घंटेसारख्या वाजायच्या.

सगळ्यात शेवटी, नऊच्या सुमाराला, शेजारच्या गहिनीनाथचं बिऱ्हाड निघालं. सत्यम त्यांच्या ज्वारीचं पोतं ट्रकवर चढवत होता. गहिनीनाथच्या बायकोनं, मोहिनीनं, कुलूप लावलं, कडी ओढून बघितली, उंबऱ्यावर हळदीचं बोट ओढलं आणि किल्ली वत्सलाबाईच्या हातात दिली.

"काकू, किल्ली तुमच्यापाशीच ठिवा. पोराच्या हातात पडू देऊ नका," ती म्हणाली. "राग मानू नका, पर काळ कसा हाय."

पोतं अजून सत्यमच्या पाठीवरच होतं. ते त्यानं फळीवर ठेवलं, अंगावरची धूळ झटकली आणि बाजूला जाऊन उभा राहिला. त्याला फार लागलं. मोहिनीवहिनीच्या लग्नात त्यानं पंगतीत दोन दिवस पाणी वाढलं होतं.

ट्रक गेला आणि वाडीत चौघं म्हातारी माणसं, पंचवीस-तीस शेळ्या आणि ही मायलेकरं उरली.

*

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दोघं वेचणीला गेली. ओढ्यापलीकडच्या शेतात कापूस फुटून लोंबत होता. कमरेला जुन्या लुगड्याच्या धडप्याची ओटी बांधायची आणि दोन्ही हातांनी वेचत जायचं. बोंडांच्या वाळलेल्या नखांनी बोटांची टोकं फाटतात. सत्यमला गांजा सोडून दहावा आठवडा होता. पहिला महिना झोप नव्हती, नंतर झोप आली तर अशी स्वप्नं की झोपायची भीती वाटावी. जेवण जात नव्हतं, घाम फुटायचा. हे सगळं तो केंद्रातल्या मॅडमना सांगत नव्हता. "कसा आहेस?" विचारलं की "बरा हाय." "तलफ येते का?" "न्हाई." "झोप?" "लागती." दर मंगळवारी एवढंच बोलायचा, सही करायचा आणि तीनची बस पकडायचा.

मंजुषा मॅडम घाटनांदूरच्या. चार वर्षं हेच काम करत होत्या. कोर्टाकडून आठ पोरं आली होती, त्यातली चार गळाली होती, म्हणून दर सोमवारी त्या उरलेल्यांना स्वतः फोन करायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कोर्टाकडं तुमची हजेरी जाते. तुम्ही इथं जे बोलता ते जात नाही." पोरांनी माना डोलावल्या आणि मनात म्हटलं, जात कसं नाही. ज्या कागदावर सरकारी शिक्का आहे तो कागद काहीही खातो, हे त्यांना घरूनच ठाऊक होतं.

मागच्या मंगळवारी मात्र बीडच्या एका मेकॅनिकचा पोरगा, आमेर, बोलून गेला होता. दुपारी दुकानात एकटा असला की कुणीतरी नाव घेऊन हाक मारतं म्हणाला. बाकीची पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, काहीजणांना असं होतं. मेंदू खेळ करतो. डॉक्टरांना दाखवू. तोपर्यंत एक करा. आवाज आला की पळू नका. जवळच्या भिंतीला तळहात टेकवा आणि मोठ्यानं म्हणा, हे खरं नाही, हे जाईल. तीनदा म्हणा. त्यांनी ते सगळ्यांकडून वदवून घेतलं. सत्यमनंही ओठ हलवले.

शनिवारी दुपारी तो शेळ्यांना पाणी पाजायला एकटाच वाडीत आला. आई शेतातच राहिली. हापशावरून दोन घागरी आणून त्यानं गहिनीनाथच्या घरामागच्या शेळ्यांच्या वाड्यात, दगडी डोणीत ओतल्या. घराचं मागलं दारही याच वाड्यात उघडतं, त्याला आतून अडसर होता. ऊन कडक होतं. सगळीकडं कुलपं. रस्त्यावर कुणाचं टोपरं पडलं होतं, ते काल पडलेलंच होतं. शेळ्या पाणी पिऊन थांबल्या तेव्हा त्याला ऐकू आलं.

टक्. टक् टक्. मग थांबून पुन्हा टक्.

पान कुटायच्या लोखंडी खलबत्त्याचा आवाज. वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा तो ओळखेल. गहिनीनाथची आई सत्यभामाआजी दिवसभर तेच करायची. दात नाहीत, म्हणून सुपारी आणि पानाचा लगदा करून खायची. पण आजी इथं नव्हती. आजीला तिच्या लेकीकडं, कडा गावी पोचवायचं ठरलं होतं. घराला बाहेरून कुलूप होतं.

सत्यमच्या हातातली घागर गळून पडली आणि आवाज थांबला. तो तसाच ओढ्यापर्यंत पळत गेला. आईनं विचारलं, "कावून दमलास रं?" तो म्हणाला, "कुत्रं मागं लागलतं."

*

रविवारी तो गेला तेव्हा आवाज आधीपासूनच चालू होता. हळू, पण घड्याळाला चावी दिल्यासारखा. त्यानं कान झाकले, आवाज गेला. हात काढले, आवाज होता. तो दगडावर बसून रडला. ज्याची भीती दहा आठवडे वाटत होती तेच आलं असं त्याला वाटलं. डोकं गेलं. आता मॅडमना कळेल, मॅडम लिहितील, ते कोर्टात जाईल, आणि तुरुंग नाही तर येरवड्याचा वेड्यांचा दवाखाना. बाप अर्ध्या कोयत्याचा अपमान गिळून गेला तो फुकट जाईल.

तरी खात्री करावी म्हणून संध्याकाळी, ऊन असतानाच, त्यानं आईकडं किल्ली मागितली.

वत्सलाबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. "कुनाची?"

"गहिनीनाथ तात्याची."

"कावून?"

"आत काईतरी वाजतंय. उंदीर आसतील."

"उंदराला किल्ली कशाला लागती?" ती म्हणाली. तिनं पोराकडं नीट पाहिलं, हात धुतले आणि उठली. जवळ येऊन त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि नाक त्याच्या ओठाजवळ नेऊन वास घेतला. लहानपणी माती खाल्ली का बघायला ती असंच धरायची. सत्यमनं तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले. वास नव्हता. तिला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

"चल, मी बी ऐकते," ती म्हणाली.

दोघं गहिनीनाथच्या दारापुढं उभी राहिली. कमरेच्या किल्ल्या वाजू नयेत म्हणून तिनं त्या मुठीत धरल्या. बराच वेळ गेला. एक शेळी खोकली. आत काही नव्हतं.

"काय वाजतंय?"

"आता न्हाई वाजत."

वत्सलाबाईला रडू यायला लागलं, पण तिनं ते दाबलं. "लोकांनी माझ्या भरवशावर घरं सोडलीत, सत्या. पुन्यांदा किल्ली मागू नको. तुझ्या पाया पडते."

आईनं पाया पडते म्हणावं, याहून वाईट ते काय. तो मान खाली घालून परत फिरला आणि त्या रात्री जेवला नाही.

*

सोमवारी कापूस वेचताना त्याचा हात चालत नव्हता. आईनं दोनदा हटकलं. दुपारी पाणी पाजायला जाणं भाग होतं, शेळ्यांना त्याच्या डोक्याचं काय. यावेळी तो वाड्यात शिरण्याआधीच थांबला. आवाज येत होता, पण मधेमधे इतका लांब खंड पडायचा की संपला वाटावं. आणि मग खलबत्ता थांबून दुसरंच काही आलं. बारीक, कापडातून गाळल्यासारखं.

"सत्या."

नाव घेऊन हाक. आमेरला येत होती तशीच. यावेळी सत्यम पळाला नाही. मॅडमनी सांगितलेलं त्याला आठवलं. तो मागल्या दारापाशी गेला, डावा तळहात भिंतीवर टेकवला. भिंत उन्हानं भाजत होती. छाती भरून श्वास घेतला आणि शाळेत पाढा म्हणावा तसं मोठ्यानं म्हणाला, "हे खरं न्हाई. हे जाईल."

आवाज थांबला.

त्याला विश्वास बसेना. त्यानं उरलेल्या दोन वेळाही म्हणून टाकलं. शांत. भिंतीवरून एक मुंगी त्याच्या बोटावर चढली. तो हसला, कित्येक दिवसांनी. शेळ्यांना पाणी पाजून झालं आणि निघताना पुन्हा एकदा, अगदी हलकं, टक् झालं. तो मागं वळला, हात टेकवला. पुन्हा टक् झालं. तो आणखी जोरात म्हणाला, "तू खरी न्हाईस. जाशील." पुन्हा थांबलं. मग तो निघेपर्यंत काहीच वाजलं नाही.

त्या संध्याकाळी तो तीन भाकरी जेवला. वत्सलाबाईनं चौथी वाढली आणि देवाला हात जोडले.

*

मंगळवारी केंद्रात तो पहिला पोचला. इतर वेळी मॅडमच प्रश्न विचारून दमायच्या. यावेळी खुर्चीवर बसायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, तुमचं ते लागू पडलं."

"काय रे?"

"हात टेकवून म्हनायचं. मला बी आवाज येत होते. सांगितलं न्हाई, भ्या वाटलं. शनवारपासून येत होते. काल म्हनलं तर थांबले."

मंजुषा मॅडमना मनापासून आनंद झाला. दहा आठवड्यांत हा पोरगा एवढं कधी बोलला नव्हता. त्यांनी वही बंद करून बाजूला ठेवली, म्हणजे त्याला दिसावं की काही लिहीत नाही.

"शाबास. आता मला सगळं सांग. काय ऐकू येत होतं?"

"खलबत्ता. आमच्या शेजारच्या आज्जीचा. ती गावात न्हाई. आन काल माझं नाव."

"आणि तू म्हटल्यावर किती वेळानं थांबलं?"

"लगीच."

"लगेच म्हणजे?"

"म्हनल्याबरूबर. कोनी ऐकल्यासारखं."

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. चार वर्षांत त्यांनी पन्नासेक पोरांना ते वाक्य दिलं होतं. काहींचे आवाज दूर जायचे, काहींचे मंद व्हायचे, काहींना फरकच पडायचा नाही. सांगितल्याबरोबर गप्प बसणारा आवाज त्यांनी एकही ऐकला नव्हता.

"इथं येतोय का आत्ता?"

"न्हाई."

"बसमध्ये?"

"न्हाई."

"कापसात? घरात? झोपताना?"

"न्हाई मॅडम. निस्तं त्या दारापाशी."

"भिंतीला हात लावलास तेव्हा?"

सत्यमनं आपला डावा तळहात उलटा करून पाहिला. "हाताला बी लागत होतं," तो म्हणाला. "वाजलं की भिंतीत."

खोलीत पंखा फिरत होता. मॅडम उभ्या राहिल्या. "त्या आजींच्या मुलाचा नंबर आहे तुझ्याकडं?"

गहिनीनाथचा फोन तिसऱ्यांदा लागला. मागं कोयत्यांचे आणि बायकांचे आवाज येत होते. सत्यमनं फोन स्पीकरवर ठेवून आजीचं विचारलं. गहिनीनाथ म्हणाला, "म्हातारी? रामेश्वरनं नेली की. त्याचा ट्रक कड्यावरूनच जानार होता. आमी निघालो तवा ती घरात नव्हती, म्हनजी गेली. कावून बे?"

रामेश्वर हा त्याचा धाकटा भाऊ. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "माझा ट्रक पहाटं पाचालाच आला. आई झोपली होती, उठवली न्हाई. दादा चौसाळ्यावरून यष्टीत बशिवनार होता तिला. दादाच्या पोराकडं निरोप ठिवलता मी. पोचली का कड्याला?"

फोन चालूच राहिला. मॅडमनी त्याच्या हातून फोन घेतला, बंद केला, एकशे आठ नंबर फिरवून रुग्णवाहिकेला वाडीचा पत्ता सांगितला, आणि भिंतीवरच्या खिळ्याची स्कूटीची चावी ओढली. बाहेर बाकावर बसलेल्या आमेरला म्हणाल्या, "आज तुझी सही तू कर आणि थांब." आमेर उभाच राहिला.

*

चाळीस किलोमीटर दोघं एक शब्द बोलली नाहीत. ओढ्याजवळ सत्यमनं चालत्या स्कूटीवरून उडी मारली आणि कापसात शिरला. वत्सलाबाईनं पोराला पळत येताना पाहिलं आणि तिचा हात आधी कमरेकडं गेला.

"आई, आज्जी आत हाय."

"कोन आज्जी?"

"सत्यभामाआज्जी. चार दिस झाले. किल्ली दे."

तिनं त्याचं तोंड हुंगलं नाही. सुतळीची गाठ सुटेना, तेव्हा तिनं ती दातानं तोडली. किल्ल्या आणि ओटीतला कापूस एकदमच खाली सांडला. त्याच्या हातात सगळा जुडगा देऊन ती त्याच्या मागं पळत सुटली.

कुलूप उघडलं. बाहेरच्या खोलीत काही नव्हतं, कोंडलेल्या हवेत लघवीचा वास होता. आतल्या माळवदाच्या खोलीत, धान्याची कणगी आणि भिंत यांच्या सांदीत आजी पडली होती. शुक्रवारी सकाळी सगळी बाहेर ट्रक भरत असताना ती खलबत्ता शोधायला कणगीमागं गेली होती आणि पाय घसरून पडली होती. खुबा मोडला होता. मोहिनीनं कुलूप लावलं तेव्हा ती शुद्धीत नव्हती. रांजण हाताच्या अंतरावर होता, त्यातल्या पाण्यात पदराचं टोक भिजवून चोखत ती राहिली होती. ओठ फुटून काळे झाले होते. बत्ता अजून मुठीत होता.

मॅडमनी तिला हलवू दिलं नाही. वत्सलाबाईनं चमच्यानं पाणी पाजलं. थोड्या वेळानं आजीनं डोळे उघडले. ती सत्यमकडं बघत राहिली आणि मग हात पुढं करून तिनं त्याच्या नडगीला बोट लावलं, तापलेला तवा चाचपावा तसं.

"तूच का रं त्यो?" तिनं विचारलं. आवाज म्हणजे नुसता वारा. "दाराशी यून सांगायचास त्यो?"

सत्यम तिच्याजवळ खाली बसला.

"मी हाका मारल्या तुला. तू म्हनलास, हे खरं न्हाई. जोरात म्हनलास. मग मी म्हनलं, आसंल. मेले आसंल मी, आन मला कळलं नसंल. मेल्या मानसानं वाजवू न्हाई, लोकं भेतेत. म्हनून गप ऱ्हायले."

वत्सलाबाई पदराचा बोळा तोंडात धरून रडायला लागली. मॅडमनी मान खाली घातली. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्या म्हणाल्या, "मग पुन्हा का वाजवलंत, आजी?"

"तलफ," आजी म्हणाली. "तंबाखू सरली होती. निस्ती सुपारी कुटत होते."

पाऊण तासानं गाडी आली.

*

आजी वाचली. दोन्ही पोरं उसाचा फड सोडून आली, दवाखान्याच्या आवारात एकमेकांवर ओरडली, मग एकमेकांना धरून रडली. बातमी फडाफडांवर फिरली. वत्सलाबाईला कोल्हापुराहून, कर्नाटकातून फोन यायला लागले. आता प्रत्येकजण म्हणत होता, किल्ल्या सत्यमकडं द्या, सोन्यासारखं पोरगं. मोहिनी फोनवर नुसती रडली. वत्सलाबाईनं नवी सुतळी वळली आणि एकतीस किल्ल्या पोराच्या कमरेला स्वतःच्या हातानं बांधल्या. दहा आठवड्यांत ती पहिल्यांदाच मोकळी हसली.

पुढच्या मंगळवारी सत्यम केंद्रात आला नाही.

मॅडमनी फोन केला तर त्यानं उचलला नाही. वत्सलाबाईनं उचलला. "मॅडम, त्यो काई वढत बिढत न्हाई, देवाशप्पत," ती म्हणाली. "पर वेचनीला येत न्हाई. जेवत न्हाई. सकाळधरनं दारं उघडत हिंडतोय."

"कुठली दारं?"

"समद्यांची."

बुधवारी दुपारी मंजुषा मॅडम वाडीत आल्या. स्कूटी पारापाशी लावली तेव्हा एक शेळी तेवढी त्यांच्याकडं बघत होती. मग लांबून किल्ल्यांचा आवाज आला. सत्यम एका दारापुढं उभा होता. चिंधी बघून किल्ली निवडली, कुलूप काढलं, दार लोटलं आणि आतल्या अंधारात तोंड घालून हाक मारली, "कोन हाय का?" मग तो थांबला. मॅडमनी घड्याळात बघितलं. पुरती पाच मिनिटं तो कान देऊन थांबला. आत गेला, कणगीमागं बघितलं असावं, बाहेर आला, कुलूप लावलं. चार पावलं गेला, परत आला आणि तेच दार पुन्हा उघडलं.

दाढी वाढली होती. डोळे लाल होते, न झोपल्यानं.

"सत्यम," त्यांनी हाक मारली.

तो दचकला. मग जवळ येऊन त्यानं त्यांच्या स्कूटीच्या हँडलला हात लावून पाहिला. "तुमी हाय का खरंच?" त्यानं विचारलं. मस्करी करत नव्हता.

"आहे. आवाज येतात का?"

"न्हाई."

"कुठल्याच घरातून नाही?"

"न्हाई मॅडम. त्येच तर." तो ओट्यावर बसला. "त्या टायमाला आवाज येत होता, तवा मी म्हनलो कोनी न्हाई. आन व्हती. आता येत न्हाई, तर कोनी न्हाई आसं कसं म्हनू? एकतीस घरं हायत. एकदा फिरून यायला दिस जातो. शेवटच्या दारापोतर गेलो की पैल्याचं वाटतं, आपन नीट ऐकलं न्हाई."

मंजुषा मॅडमना त्याला डॉक्टरांच्या गोळीबद्दल, झोपेबद्दल सांगायचं होतं. काल चुकलेल्या मंगळवारबद्दलही बोलायचं होतं, कारण एक त्या सांभाळून घेऊ शकत होत्या, पण आणखी एक चुकला असता तर त्यांना कोर्टाला कळवावंच लागलं असतं. हे सगळं त्या रस्त्यानं जुळवत आल्या होत्या. त्यातलं काही न बोलता त्या त्याच्या शेजारी बसल्या.

"ते वाक्य मी दिलं होतं तुला," त्या म्हणाल्या. "आधी विचारायला हवं होतं, आवाज कुठून येतो, कधी येतो, दुसऱ्या कुणाला येतो का. मी कुणालाच विचारलं नव्हतं. आमेरलासुद्धा परवा विचारलं. चूक तुझी नाही. माझी आहे."

मोठं माणूस, तेही सरकारी, आपली चूक आहे असं म्हणताना त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही.

"मला झोप न्हाई मॅडम," तो म्हणाला. "पैल्यापासून न्हाई. मी खोटं सांगत होतो. तलफ बी येती. आता लई येती. एक झुरका मारला तर ही दारं बंद होतील आसं वाटतं."

"सांग. सगळं सांग."

तो तासभर सांगत राहिला आणि त्या ऐकत राहिल्या. आजची भेट हजेरी म्हणून लिहीन, शुक्रवारी आईला घेऊन डॉक्टरांकडं ये, असं त्यांनी सांगितलं तेव्हा तो हो म्हणाला, आणि ते हो खरं होतं. पण बोलताना त्याची नजर राहून राहून रस्त्याच्या पलीकडं जात होती.

"किती राहिलीत आज?"

"सहा."

"चल, मीही येते. तू उघड, मी हाक मारते. एकेकदाच उघडायचं. दोघांनी ऐकलं की ते ऐकलं, परत फिरायचं नाही. कबूल?"

"कबूल."

पाच घरं झाली. दर घरी मॅडम हाक मारायच्या, दोघं थांबायची, सत्यम कुलूप लावायचा आणि मागं न बघता पुढं चालायचा. पाचव्या दारानंतर त्याच्या खांद्यातला ताठा उतरला होता. सहावं घर वाडीच्या टोकाला, लिंबाखाली. ऊन कलायला लागलं होतं. त्यानं दार लोटलं. आतला गारवा अंगावर आला, सारवलेल्या भुईचा वास आला.

"कोण आहे का?" मंजुषा मॅडम म्हणाल्या.

दोघं उंबऱ्यावर थांबली. आत एक पालथी घागर, दोरीवर राहिलेली लहान पोराची चड्डी, आणि त्यापलीकडं आतल्या खोलीचा अंधार. काही वाजलं नाही. सत्यमनं मॅडमकडं पाहिलं. पाच घरं झाली तशी त्या मान हलवतील आणि आपण दार ओढू, म्हणून तो कडीला हात घालून तयार होता.

मॅडमनी मान हलवली नाही. त्या पुढं वाकून ऐकत होत्या. त्यांचा डावा तळहात भिंतीवर टेकलेला होता. हाताला काही लागत नव्हतं, तरी तो उचलायचं त्यांना धैर्य होत नव्हतं.